हत्तीखान्याच्या फळीवरचं मशीन

वाड्याच्या खिडक्यांना सागाच्या चौसष्ट जाळ्या दिवाळीपर्यंत कोरून हव्यात, नाहीतर सुतारशाळेला कुलूप आणि काम शहरातल्या कंत्राटदाराला, असा करंजगडच्या राजेसाहेबांचा हुकूम सुटला. तेव्हा सुतारशाळेत पाच माणसं उरली होती आणि त्यातला सगळ्यात तरुण अठ्ठावन्न वर्षांचा होता. राज्य जाऊन जमाना झाला, पण हुकूम सोडायची सवय जात नाही. तो कंत्राटदार कारभारी जगदाळ्यांचा मेहुणा होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. राजेसाहेबांनाच ठाऊक नव्हतं, कारण त्यांना गावातलं सांगायचं काम जगदाळ्यांकडे होतं.

थोरले मिस्त्री हरबा पांचाळ मान खाली घालून निघाले. त्यांच्यासोबत वाड्यावर आलेली त्यांची मुलगी कुंदा मात्र जागची हलली नाही. ती तालुक्याच्या एका कारखान्यात मशीन चालवायची. तिने सांगितलं, आम्ही सुतारशाळेतच सीएनसी राउटर बांधतो. संगणकात नक्षी भरायची, की मशीनचं फिरतं पातं ती लाकडावर कोरून देतं. फक्त मशीनचे भाग मी निवडेन.

जगदाळे राजेसाहेबांच्या कानाशी लागले. राजेसाहेबांना गंमत वाटली.

"भाग तुझ्या पसंतीचे, पोरी. पण मशीनची बैठक माझ्या पसंतीची."

बैठक म्हणजे ज्याच्यावर कोरायचं लाकूड ठेवतात ती फळी. राजेसाहेबांनी आजोबांच्या हत्तीखान्याच्या दाराची फळी काढायला लावली. चार बोटं जाड अस्सल साग, पण पावसापाण्याने एक कोपरा बोटभर वर आलेला. या फळीला कोणाच्या हातचा रंधा लागता कामा नये आणि ती कुठल्या कारखान्यातही जाता कामा नये, ही अट. मशीन चालवून दाखवायला मुदत एक महिना.

मेख तिथेच होती. जाळीभोवतीची वेल केसभर खोल कोरायची. बैठक वाकडी असली की पातं एका कोपऱ्यात लाकूड फाडणार आणि दुसऱ्या कोपऱ्यात नुसती हवा कोरणार. हरबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. कुंदा मात्र जेवली आणि यादी करायला बसली.

जगदाळ्यांनी मोठ्या मनाने बाजारातली सगळ्यात दांडगी मोटर देऊ केली.

"एवढी मोटर लावली तर सांगाडा थरथरेल, कारभारीसाहेब," कुंदा म्हणाली. "मोटर लहान द्या, लोखंड जड द्या."

पातं इकडून तिकडे सरकवायला तिने पट्टे नाकारले आणि स्क्रू मागितले, कारण पट्टा ढिला पडला की वेलीची पानं वेडीवाकडी होतात. सरळ रुळ मागितले आणि ते फळीवर न बसवता लोखंडी सांगाड्यावर बसवले. फळीने नुसतं मधे पडून राहायचं. यादीत शेवटी होतं तीन इंच रुंद, चपटं पातं.

ते वाचून जगदाळे खो खो हसले. "याने वेल कोरणार, की शेत नांगरणार?"

"आधी नांगरट, मग पेरणी."

जगदाळ्यांनी हसत हसत सही केली.

महिना भरला. राजेसाहेब सुतारशाळेत आले. जगदाळ्यांनी खिशातून सपाटी तपासायची पाणसळ काढून फळीवर ठेवली. बुडबुडा पळत एका टोकाला गेला.

"बघा महाराज, वाकडी ती वाकडीच."

"पाणसळीला कशाला विचारता?" कुंदा म्हणाली. "फळीचं जमिनीशी नाही जमलं तरी चालेल. पात्याशी जमलं की झालं."

तिने मशीनला ते रुंद पातं लावलं आणि बटण दाबलं. पातं एकाच उंचीवरून फळीभर येरझाऱ्या घालू लागलं. पहिल्या फेरीत फक्त वर आलेला कोपरा खरवडला गेला. मग पातं जरा खाली, पुन्हा फेरी. भुशाचा ढीग वाढत गेला, आणि काळ्या पडलेल्या फळीतून सोनेरी साग वर आला. मग कुंदाने बारीक पातं लावलं, लाकडाचा पापडासारखा पातळ ताव फळीभर पसरला आणि चारही कडांनी वेल कोरली.

राजेसाहेबांनी अंगठ्याचं नख त्या खाचेत घातलं आणि चारही कडांनी फिरवत नेलं. नख कुठे अडकलं नाही, कुठे सुटलं नाही.

"अट मोडली!" जगदाळे ओरडले. "फळीला रंधा लागला!"

"कोणाच्या हाताने?" कुंदाने विचारलं. "फळी कारखान्यात गेली नाही, माणसाचा रंधा तिला लागला नाही. मशीनने स्वतःची बसायची जागा स्वतः साफ केली. या संस्थानात असं करणारं हे पहिलंच आहे, म्हणून कारभारीसाहेबांना ओळखू आलं नसेल."

हरबांनी डोळे मिटले. राजेसाहेब खाली बघत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. मग हसू असं फुटलं की त्यांना मशीनचा आधार घ्यावा लागला. मशीन जड होतं, जराही हललं नाही.

त्यांनी सुतारशाळेच्या किल्ल्या कुंदाच्या हातात दिल्या, चौसष्ट जाळ्यांचं काम तिथेच लिहून दिलं आणि डोळे पुसत हाक मारली, "अरे, हा भुसा झाडायचाय, केरसुणी आणा!"

शिपाई धावला. राजेसाहेबांनी जगदाळ्यांकडे पाहिलं, बाह्या वर सारल्या आणि पुन्हा हाक मारली.

"एक नको, दोन आणा!"