खारीचा केक आणि विकतची फुलपाखरे

सागवानाच्या एका जंगलात एक खार राहत असे. तिच्या हातचा केक खाल्ला नाही असे पिल्लू त्या जंगलात शोधूनही सापडले नसते. केक ती स्वतः भाजायची, क्रीम स्वतः फेटायची. वरची साखरेची फुलपाखरे मात्र ओढ्यापलीकडच्या साळुंकीच्या दुकानातून आणायची. गिऱ्हाइके केकच्या बदल्यात भुईमुगाच्या शेंगा देत आणि त्याच शेंगा देऊन खार दुकानातला माल घेई. आता तिची खोड ऐका, मुलांनो. किंमत सांगताना ती पीठ धरी, लोणी धरी, भट्टीची लाकडेही धरी. पण फुलपाखरांपाशी आली की लाजून गप्प बसे. "विकतची तर आहेत, मी थोडीच केलीत? त्यांचं काय मागायचं!" असे म्हणून तो सगळा खर्च ती पदरमोड करून भागवी. कोल्ह्याने हे बरोबर हेरले होते. तो दर वेळी म्हणे, "खारूताई, अजून थोडी फुलपाखरं लाव की, तुला काय जड आहे?" आणि ही वेडी लावत असे!

व्हायचे तेच झाले. पावसाळ्यासाठी साठवलेल्या शेंगाही साळुंकीच्या दुकानात गेल्या आणि ढोलीत जेमतेम मूठभर उरल्या. पिल्लांना काय घालावे या काळजीत खार बसली होती, तेवढ्यात अस्वलबाई डुलत डुलत आली. तिचे पिल्लू मोठ्या आजारातून उठले होते. "खारूताई, उद्या त्याचा वाढदिवस. त्याला फुलपाखरांचाच केक हवाय बघ!" ती म्हणाली. खारीचे डोळे भरून आले. "मला माफ करा, अस्वलबाई. आता हे माझ्याच्याने होणार नाही. भट्टीच बंद करतेय मी." अस्वलबाईने खोदून खोदून विचारले, तेव्हा खारीने सगळे सांगून टाकले.

अस्वलबाईला आधी हसू आले आणि मग खारीचा चांगलाच राग आला. "अगं, मध काय मी बनवते? तो माशा बनवतात. पण पोळं शोधायचं, झाडावर चढायचं, डंख सोसायचे, हे मीच करते ना? साळिंदर त्या मधाच्या बदल्यात मला कंद देतं आणि मी ते खुशाल घेते. तू ओढा ओलांडून जातेस, निवडून निवडून फुलपाखरं घेतेस, एकाचाही पंख न मोडता आणतेस आणि एकेक जपून बसवतेस. फुलपाखरांची किंमत तर सांगच, आणि या खटपटीचीही सांग." खार जमिनीकडे बघत, अडखळत, पहिल्यांदाच पूर्ण किंमत बोलली. अस्वलबाईने लगेच घरून शेंगांचे गाठोडे आणून तिच्यापुढे ठेवले.

दुसऱ्या दिवशी वाढदिवसाला खार आपल्या पिल्लांनाही घेऊन गेली. अस्वलाच्या पिल्लाने केकवरचे पहिले फुलपाखरू उचलले आणि जवळ बसलेल्या खारीच्या धाकट्या पिल्लाच्या तोंडात घातले. आईने इतके केक सजवले, पण तिच्या पिल्लांनी ते फुलपाखरू कधी चाखलेच नव्हते! ते डोळे मिटून चघळत राहिले. अस्वलबाईच्या भल्यामोठ्या पंजावर डोके टेकून खार म्हणाली, "तुमच्यामुळे माझी भट्टी राहिली हो, अस्वलबाई."

तात्पर्य : विकत आणलेल्या वस्तूतही आणणाऱ्याची पुंजी आणि कष्ट असतात; त्यांचे मोल मागताना लाजू नये, आणि ते मागायला शिकवणाऱ्याचे उपकार विसरू नयेत.