विणकराचे अंगण आणि रंगाऱ्याची नाली

एका गावात एक विणकर होता आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून एक रंगारी राहत होता. मधली भिंत मातीची, दोघांत मिळून एकच. रंगाऱ्याने सूत रंगवावे, विणकराने ते विणावे, असा दोन पिढ्यांचा घरोबा. रंगाऱ्याचे सांडपाणी विणकराच्या अंगणाखालच्या नालीतून ओढ्याला जाई. गावाचा रिवाज सरळ होता. नाली तुंबली तर अंगणवाल्याने खणायला वाट द्यायची, आणि खणणाऱ्याने अंगण होते तसे सारवून परत करायचे.

मागच्या वर्षी रंगाऱ्याने नालीसाठी अंगण खणले. त्यात विणकराच्या तुळशीवृंदावनाला तडा गेला. "चार दिवसांत लिंपून देतो," तो म्हणाला. ते चार दिवस काही उजाडले नाहीत. अंगणातला चरही नीट भरला नव्हता. त्यातल्या खळग्यात विणकराच्या बायकोचा पाय मुरगळला. विणकर रोज सकाळी त्या तड्याकडे बघायचा आणि रोज नव्याने चिडायचा. काही लोक लोणच्यासारखा राग मुरवतात, त्यातलाच तो.

यंदाच्या उन्हाळ्यात नाली पुन्हा तुंबली. रंगारी कुदळ घेऊन दारात आला.

"दादा, पाणी पुढं जात नाही, कुठंतरी जमिनीत मुरतंय. दोन दिवस अंगण द्या."

"आधी वृंदावन लिंपा."

"लिंपतो की. नाली मोकळी होऊ द्या, मग दोन्ही कामं एकदमच उरकतो."

"मागच्या वर्षीही हेच बोलला होतात. माझ्या अंगणाला आता कुदळ लागणार नाही."

मूठभर चिखल कालवून तडा बुजवायला रंगाऱ्याला असा कितीसा वेळ लागला असता? पण तोंडावर सुनावल्यावर काम करणे त्याला कमीपणाचे वाटले. कुदळ खांद्यावर टाकून तो माघारी गेला.

विणकराच्या मागावर तेव्हा लेकीचे लग्नाचे पिवळे लुगडे होते. त्यांच्या घराण्यात लेकीचे ते लुगडे बापानेच विणायचे असते, विकतचे चालत नाही. सूत रंगाऱ्यानेच रंगवून दिले होते, 'लेक माझीही आहे' म्हणत.

माग जमिनीतला होता. विणकर काठावर बसायचा आणि पाय खाली खड्ड्यात सोडायचा. उन्हाळ्यात कोरड्या हवेने सूत तटातट तुटते, म्हणून विणकर खड्ड्यात पाणी शिंपडतात. यंदा मात्र खड्डा आपोआप गार राहू लागला. सूत तुटेना.

"बघितलंस? देवालासुद्धा माझीच बाजू पटली. लेकीच्या लुगड्यासाठी ओल धाडलीय त्यानं," विणकर बायकोला म्हणाला.

"अहो, ही ओल भिंतीकडनं येतेय. त्यांना खणू द्या. वृंदावन मी लिंपते."

"तू लिंपलंस तर तो सुटला की!"

विणकर खुशीत विणत राहिला. इतके बिनगाठीचे कापड त्याच्या हातून कधी उतरले नव्हते.

लुगडे वीतभर विणायचे उरले होते. एका दुपारी त्याने खड्ड्यातून पाय वर घेतले, तर दहाही बोटे निळी.

शेजारी त्या आठवड्यात निळीचे काम चालू होते. ओल कुठून येते ते आता शेंबड्या पोरालाही कळले असते. तसाच अनवाणी धावत विणकर रंगाऱ्याकडे गेला.

"खणा! आत्ता खणा, हवं तिथं खणा!"

रंगाऱ्याने कुदळ उचलली. दोघे अंगणात पोचले, आणि पहिला घाव पडायच्या आत महिनाभर भिजलेली भिंत खाली बसली. ती मागावरच कोसळली, आणि तिच्यावर टेकलेली दोन्ही घरांची छपरेही खाली आली. पलीकडे भिंतीला टेकून ठेवलेला निळीचा रांजण फुटला आणि सगळी नीळ पिवळ्या लुगड्यावरून खड्ड्यात गेली. घरची माणसे बाहेर होती म्हणून जीव तेवढे वाचले.

रंगाऱ्याने कुदळ टाकली. मग पडलेल्या भिंतीचाच चिखल ओंजळीत घेऊन तो वृंदावनाचा तडा बुजवू लागला.

"लिंपतो दादा. आत्ताच लिंपतो."

"राहू द्या," विणकर म्हणाला. "आता कुणाच्या घरासाठी लिंपताय?"

लेक विकतच्या लुगड्यात सासरी गेली. विणकर दुसऱ्याच्या मागावर मजुरीला जाऊ लागला. रंगारी गाव सोडून गेला, कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. दोन्ही घरांच्या जागी आता मातीचे ढीग आहेत. त्यांच्यासमोर ते वृंदावन उभे आहे, छान लिंपलेले. त्यात तुळस नाही.

तात्पर्य: शेजाऱ्याला दुरुस्तीची वाट द्यावी आणि दुरुस्ती करणाऱ्याने मोडलेले त्याच दिवशी सांधावे. आधी कोण चुकले याचा निवाडा होईपर्यंत पाणी थांबत नाही.