डबीतला अष्टपाद

“आणि याची कड?” हुसेनचाचांनी विचारलं.

निरंजन खातूला प्रश्नच नीट कळला नाही. नाणं समोर होतं, दोन्ही बाजू लख्ख दिसत होत्या. कड कोण बघतं?

चाचांनी प्लास्टिकची डबी आडवी धरली. नाण्याभोवती पांढऱ्या रबराचं कडं होतं. कड त्या कड्यात बुडाली होती.

“दिसत नाही,” निरंजन म्हणाला. “पण सुरक्षित आहे.”



हुसेन परकारांची उमर बोटीवर गेली होती. बंदराला बोट लागली की बाकीचे खलाशी बाजारात जात आणि हे जुन्या नाण्यांच्या दुकानात. दाभोळच्या घरी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांची सगळी ग्रीक नाणी होती. मूलबाळ नव्हतं. पुतण्या आखातात होता आणि तो ती तांब्याच्या भावाने विकेल, हे ते स्वतःच हसत सांगत.

म्हणून गेल्या वर्षी त्यांनी नाण्यांचाच नाद असलेल्या चिपळूणच्या निरंजनला एक नाणं दिलं. तांब्या-कथलाचं, बोराएवढं. एका बाजूला बाईचं मस्तक, दुसऱ्या बाजूला समुद्रातला आठ पायांचा अष्टपाद. हे वर्षभर सांभाळ, म्हणाले होते. सांभाळलंस तर डबा तुझा. सांभाळायचं कसं तेही सांगितलं होतं: दर शुक्रवारी हात धुऊन, कोरडे करून ते बाहेर काढायचं, पांढऱ्या फडक्यावर ठेवायचं आणि अंगठ्याखाली एकदा फिरवायचं.

निरंजनला ते अडाणीपणाचं वाटलं होतं. हाताला घाम असतो. त्याने हातमोजे घालून नाणं जुनी नाणी पारखणाऱ्या एका कंपनीकडे पाठवलं. कंपनीने ते या डबीत कायमचं बंद करून, वर दर्जाचा नंबर छापून परत पाठवलं. नंबर चांगला आला होता. तो त्याने चारचौघांत सांगितलाही होता.

आज वर्ष भरलं होतं आणि निरंजन डबी घेऊन दाभोळला आला होता.

“आमच्याकडे लोणचं असं बंद करतात,” चाचा म्हणाले. “पण तेसुद्धा मधूनमधून उघडून हलवतात.”

निरंजन हसला. चाचा हसले नाहीत. ते डबी घेऊन दारापर्यंत गेले आणि उजेडात बराच वेळ उभे राहिले.

“इकडे ये.”

रबराच्या कड्याला लागून एक ठिपका होता. फिकट हिरवा, पिठासारखा. निरंजनने तो आधीही पाहिला होता. जुन्या नाण्याचा रंग असेल, असं त्याला वाटलं होतं.

हा रोग आहे, चाचांनी सांगितलं. खाऱ्या, दमट हवेत तांब्याला लागतो आणि आत आत खात जातो. वेळेत बोटाला लागला तर धुऊन, सुकवून थांबवता येतो.

“कधी लागला असेल?”

“ते तुझ्या बोटाला माहीत असायला हवं होतं.”

निरंजनने प्लास्टिकवरूनच तो ठिपका नखाने खरवडून पाहिला.

“उघड,” चाचा म्हणाले आणि पानाच्या तबकातला अडकित्ता त्यांनी पुढे केला.

निरंजनने अडकित्ता घेतला, डबीच्या कोपऱ्यावर ठेवला… आणि थांबला.

“फोडली तर नंबर जाईल, चाचा.”

“कुणाचा?”

बाहेर कुणीतरी जाळं झटकत होतं. निरंजनने डोळे मिटून अडकित्ता दाबला. प्लास्टिक तडकलं. रबराचं कडं सुटलं, तशी त्यातून चिमूटभर हिरवी पूड चटईवर सांडली.

नाण्याला अर्धी कड उरली नव्हती. रोग कड्याच्या आड सुरू झाला होता आणि कड्याच्या आडच वाढला होता. कड्याखाली दबलेली अष्टपादाच्या पाच पायांची टोकं गेली होती, तीनच पाय पूर्ण उरले होते.

“आता धुऊन?” निरंजनने विचारलं.

चाचांनी मान हलवली. नाही.

मग ते उठले. बिस्किटांचा डबा त्यांनी फळीवरून काढला होता, निरंजनच्या हाती द्यायचा म्हणून पुसूनही ठेवला होता. तो त्यांनी परत फळीवर ठेवला. निरंजनने मागितला नाही. मागण्यासारखं तोंड त्याला राहिलं नव्हतं.

“तुम्ही तरी मला का दिलंत?” थोड्या वेळाने तो म्हणाला. “स्वतःकडेच ठेवायचं होतं. तुम्ही दर शुक्रवारी…”

चाचांनी तबकातली सुई उचलली आणि शांतपणे आपल्या अंगठ्याच्या पेराला टोचली. रक्ताचा थेंब आला. त्यांचा चेहरा हलला नाही.

“बोटांची जाण साखरेने नेली,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. नाणं हातात आहे की नाही, ते बघितल्याशिवाय कळत नाही मला.”

…

निरंजन त्या बोटांकडे बघत राहिला. मग आपल्या बोटांकडे.

“एकदा तरी धरलं होतंस? मोज्याशिवाय?”

निरंजनने नाही म्हटलं.

“धर.”

त्याने नाणं उचलून तळहातावर घेतलं. चाचा समोर बसले, डोळे मिटले.

“सांग.”

“थंड आहे,” निरंजन म्हणाला. “वाटलं होतं त्याहून जड.”

“पुढे.”

“बाईचं नाक वर आलंय… केस बारीक आहेत, दोऱ्यासारखे. दुसऱ्या बाजूला पाय. एक वळलेला. एक…” तो अडला. “आता गरम होतंय, चाचा.”

“हां. होतं तसं.”

निरंजनचा अंगठा हळूहळू कडेकडे सरकला आणि थांबला.

“इथे काही नाही. नुसती पूड सुटतेय.”

चाचांनी डोळे उघडले नाहीत.

“ती बोटाला कशी लागते?”