सोनघळचा पहिला खो

सोनघळच्या मैदानावर खो-खो खेळायला आलेला पाहुणा संघ आधी त्या झाडापाशी थबकतो. मैदानाच्या पूर्वेच्या टोकाला खांब असतो तसा खांब आहे, सागाचा, घासून गुळगुळीत केलेला. पश्चिमेच्या टोकाला मात्र खांबाच्या जागी जिवंत पांगारा उभा आहे. बुंधा कमरेएवढ्या उंचीपर्यंत हातांनी झिजून चकचकीत झालेला आणि वर फांद्यांचा पसारा. फाल्गुनात तो लाल फुलांनी भरतो तेव्हा खेळाडूंच्या पायांखाली पाकळ्या चुरगळतात. नियमाच्या पुस्तकात असा खांब बसत नाही. पण सोनघळच्या मैत्रीच्या सामन्यांना पंच तेवढी मोकळीक देतात.

मग फक्की मारणाऱ्या हौसाबाई उघडे चुन्याची पाटी बाजूला ठेवून पाहुण्यांना त्यामागची हकिकत सांगतात. हौसाबाईंचे आजोबा सोमा उघडे या हकिकतीतल्या संघात होते. त्यामुळे त्यांच्या सांगण्यात घरातल्या गोष्टीचा ठामपणा असतो, आणि जिथे खात्री नाही तिथे त्या 'म्हणे' म्हणून पुढे जातात.

त्या काळी सोनघळचे कॉलेज नुकतेच नावारूपाला येत होते, असे सांगतात. संस्थेचे चिटणीस आबासाहेब यांना खेळातल्या ढालींचा फार नाद. कॉलेजच्या दिवाणखान्यात एक भिंत त्यांनी ढालींसाठी मोकळी ठेवली होती आणि ती भरेना. तेव्हा व्यायामशिक्षक घोडके मास्तर डोंगरात गेले. आश्रमशाळेच्या अंगणात ठाकर वाड्यांवरची पोरे खो-खो खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यांतले सहाजण निवडून खाली आणले. राहणे, जेवण, शिक्षण सगळे फुकट. अट एकच, कॉलेजकडून खेळायचे. त्या सहांचा म्होरक्या होता भिवा मेंगाळ.

भिवाच्या वाडीतून तोवर कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. तो खाली उतरला त्या दिवशी त्याची आई बांधापर्यंत आली आणि एवढेच म्हणाली, "परत येशील तर शिकून ये. मधेच आलास तर मला तोंड दाखवायला नको." भिवाने ते बोलणे गाठ मारून ठेवले होते. तो अभ्यासाला बरा होता आणि खेळायला बसला की त्याच्यासारखा उठणारा कोणी नव्हता. पाठीवर हात पडायचा अवकाश, की तो तीन ढांगांत समोरच्याला गाठायचा.

खो-खो ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी हौसाबाई इथे थांबतात आणि हाताने दाखवतात. आठजण मधल्या रेषेवर ओळीने बसतात. एकाचे तोंड इकडे, पुढच्याचे तिकडे. नववा पळतो. तो दमला किंवा अडला की बसलेल्याच्या पाठीमागे येतो, पाठीला हात लावतो आणि 'खो' म्हणतो. तेव्हा बसलेला उठतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. हात लागल्याशिवाय उठायचे नाही, हा खेळाचा पाया.

सहा डोंगरातले आणि तिघे गावातले, असा तो संघ होता. गावातल्या तिघांत मनोहर सबनीस हा भिवाचा जोडीदार. हंगाम सुरू झाला तेव्हा पश्चिमेकडचा जुना खांब वाळवीने मोडला. घोडके मास्तरांनी भिवाला लाकूड आणायला पाठवले आणि भिवाने घाईघाईत येताना वाटेवरच्या कुंपणातल्या पांगाऱ्याची फांदी तोडून आणली.

"अरे भिव्या, सागाचं सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "हे ओलं लाकूड. याला अजून वाटतंय, आपण झाडच आहोत."

"हंगामापुरतं चालेल, मास्तर," भिवा म्हणाला आणि त्याने तो खांब स्वतः ठोकला.

त्या हंगामात सोनघळने एकामागून एक सामने मारले. पहिली मोठी ढाल आली तेव्हा आबासाहेबांनी जेवण ठेवले. दिवाणखान्यात पाट मांडले, ताटांभोवती रांगोळी काढली. भिवा आणि त्याचे पाच सोबती अंघोळी करून, धुतलेले सदरे घालून दारात आले. आचाऱ्याने त्यांना दारातच अडवले आणि मागच्या बाजूला, गोठ्याशेजारच्या ओट्याकडे बोट दाखवले. तिथे पत्रावळ्या मांडल्या होत्या. जेवण तेच होते, बुंदीसुद्धा तीच.

भिवा बसला. बाकीचेही बसले. कोणी कोणाकडे पाहिले नाही. आतून हसण्याचे आवाज येत होते. ढालीवर कोणाकोणाची नावे कोरायची याची चर्चा चालली होती, आणि त्या नावांत भिवाचे नाव पहिले होते.

बऱ्याच वेळाने मनोहर हात न धुता मागे आला.

"भिव्या, इथं काय करतोयस? आत मी तुझी जागा धरून बसलोय."

"धरलीस ना? मग ती रिकामी का राहिली, तेही तिथंच विचार."

मनोहरला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मी आधी पाहायला हवं होतं."

"तुला पाहायची गरज पडली नाही," भिवा म्हणाला. "खेळायला आपण एका ओळीत बसतो, मन्या. जेवायला दोन ओळी. मला ही दुसरी गोष्ट जमायची नाही."

त्या संध्याकाळी सहाजण मैदानात जमले. भिवाने पांगाऱ्याच्या खांबाला हात लावून सांगितले, की ज्यांनी आपल्याला वेगळे बसवले त्यांनीच खो दिल्याशिवाय या मैदानावर खेळायला उठायचे नाही. सोमाने विचारले, "आणि खोलीतून हाकललं तर?" भिवाने खांबावरचा हात काढला नाही. आईचे बोलणे त्याला आठवले असणार. मग तो म्हणाला, "हाकललं तर बाहेर राहू. मधेच परत जायचं नाही." सगळ्यांनी खांबाला हात लावला. गावातल्या तिघांनाही त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले, लपवून काही केले नाही. "तुम्ही खेळा, आमचं काही म्हणणं नाही," भिवा म्हणाला.

पुढचा सामना सोनघळलाच होता, आबासाहेबांनी भरवलेल्या स्पर्धेचा अंतिम सामना. गाव लोटले होते. मंडपात आबासाहेब पाहुण्यांना घेऊन बसले होते. नाणेफेक सोनघळने जिंकली आणि बसायचे घेतले. आठजण रेषेवर बसले. भिवा पांगाऱ्याच्या खांबाला लागून पहिल्या चौकोनात होता. पळायला मनोहर.

शिट्टी झाली. मनोहर पळाला, वळला, भिवाच्या पाठीमागे आला आणि हात लावून म्हणाला, "खो."

भिवा उठला नाही.

लोकांना वाटले, त्याला ऐकू गेले नाही. मनोहर पुढे गेला. सोमाच्या पाठीला हात लावला. सोमा उठला नाही. तिसराही उठला नाही. आता पुढच्या चौकोनात गावातला मुलगा बसला होता. त्याला खो दिला असता तर तो उठला असता आणि खेळ कसाबसा सुरू झाला असता. मनोहर त्याच्या मागे येऊन उभा राहिला. सगळे मैदान त्याच्या हाताकडे पाहत होते. त्याने हात उचलला, मग खाली घेतला. तो चालत पांगाऱ्याच्या खांबापाशी आला आणि भिवाच्या शेजारी मातीत बसला. आठ चौकोनांच्या खेळात नवव्याला बसायची जागाच नसते. तो तरीही बसला.

विरुद्ध संघाचा कप्तान दादू शेलार जवळ आला आणि भिवापुढे उकिडवा बसला.

"काय झालं रे? पाय मुरगळला काय?"

"पाय ठीक आहेत," भिवा म्हणाला. "पंगत ठीक नाही." आणि त्याने सगळे सांगितले.

शेलार आपल्या पोरांकडे गेला, काहीतरी बोलला आणि परत येऊन पंचांना म्हणाला, "बसलेल्यांना हरवून आम्ही ढाल नेणार नाही. आमच्या गावात तोंड दाखवायचंय." ती ढाल त्या वर्षी कोणीच नेली नाही, असे सांगतात.

आबासाहेब मंडपातून खाली आले. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते. "मैदानात आम्ही कधी भेद केला का?" त्यांनी विचारले. "जेवण ही ज्याच्या त्याच्या घरची बाब. तुम्हाला राहायला दिलं, खायला दिलं."

"खायला दिलंत, आबासाहेब," भिवा म्हणाला. "बसायला नाही दिलंत."

संध्याकाळपर्यंत सहाजणांच्या वळकट्या वसतिगृहाबाहेर आल्या. घोडके मास्तर भित्रे होते, नोकरीला जपणारे. ते वाटेत उभे राहिले आणि दुसरीकडे पाहत म्हणाले, "माझी पडवी रिकामी आहे. तिथं झोपा. पण मला काही विचारू नका." पोरे त्यांच्या पडवीत राहिली. दिवसा सुतारकाम, मापाडीकाम, जे मिळेल ते करू लागली. भिवाचे नाव पटावरून गेले. तो पुस्तके मागून वाचत राहिला.

आणि रोज संध्याकाळी, खेळाच्या वेळेला, ते सहाजण आणि मनोहर मैदानावर येत, आपापल्या जागी बसत आणि सामना संपायच्या वेळेला उठून जात. गावातले दोघे काही दिवस आले नाहीत, मग तेही येऊ लागले. लोक आधी हसले. "खो-खोचा संघ आहे की भजनी मंडळ?" असे कोणीतरी म्हणाले. पावसाळ्यात डोंगरातली पोरे इरली पांघरून बसत. मनोहर छत्री घेऊन येई आणि वारा ती उलटी करी. शेवटी सोमाने त्याच्यासाठी एक इरले विणून आणले.

दादू शेलारने गावोगाव ही हकिकत नेली. सोनघळच्या मैदानावर कोणी खेळायला येईना. मैदानात गवत वाढले. आणि पश्चिमेच्या खांबाला हिरवा कोंब फुटला.

वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, यात नवल काय, पांगाऱ्याची फांदी रोवली की फुटतेच, म्हणून तर कुंपणाला लावतात. डोंगरातली माणसे म्हणाली, ते आम्हालाही ठाऊक आहे. पण हा खांब मनोहर बसला त्याच बाजूने आधी फुटला. शिवाय पांगाऱ्याला पहिल्याच वर्षी फूल येत नाही. याला आले. फाल्गुनात त्या कमरेएवढ्या खांबावर एकच लाल तुरा उभा राहिला, असे सांगतात, आणि तो बघायला बाजाराच्या दिवशी गाड्या थांबत.

आबासाहेबांच्या स्पर्धेची वेळ पुन्हा आली. एकाही संघाने नाव दिले नाही. तेव्हा एका संध्याकाळी ते मैदानावर आले. नऊजण बसलेलेच होते. आबासाहेब बराच वेळ त्या तुऱ्याकडे पाहत राहिले.

"काय हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारले.

"पंगत," भिवा म्हणाला.

"मांडतो. इथंच मांडतो, मैदानात."

दिवाणखान्यात मांडायला त्यांचे मन धजले नसावे. भिवाने ते ओळखले आणि मान्य केले. पण एक गोष्ट त्याने सांगितली: आम्ही बसलोय तसेच बसणार, एकाचे तोंड इकडे, पुढच्याचे तिकडे. दुसऱ्या दिवशी शेलारचा संघही आला. सगळे चौकोनांत आणि चौकोनांच्या मधे बसले. आचारी वाढायला निघाला आणि घोटाळला. पंगतीला पहिले पान असते. इथे पहिले कोणते आणि शेवटचे कोणते, हेच कळेना. तो मधूनच वाढायला लागला. आबासाहेब त्या पंगतीत जेवले की नाही, याबद्दल एकमत नाही. कोणी म्हणते जेवले, कोणी म्हणते त्यांनी फक्त वरण वाढले, आणि हौसाबाईंच्या आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी बुंदी खाल्ली आणि भात टाळला.

पत्रावळ्या उचलल्या. आबासाहेब म्हणाले, "झालं मनासारखं? उठा आता, खेळा."

कोणी उठले नाही. भिवा मागे न वळता म्हणाला, "खो मिळाल्याशिवाय उठलं तर फाऊल होतो, आबासाहेब."

आबासाहेब काही पावलांवर उभे होते. तिथूनच ते म्हणाले, "खो."

भिवा हलला नाही. तेव्हा वर्षभर दुसरीकडे पाहणारे घोडके मास्तर पुढे झाले. ते हळूच बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेले. "नुसतं बोलून खो होत नाही, आबासाहेब. पाठीला हात लावावा लागतो."

तो क्षण फार लांबला, असे सांगतात. भिवाला मागचे काही दिसत नव्हते. समोर गवत होते, गवतात पांगाऱ्याची एक पाकळी पडली होती, आणि तो तिच्याकडे पाहत होता. हात पडला नाही तर आपण इथेच म्हातारे होऊ, आणि आईला तोंड दाखवता येणार नाही, एवढाच विचार त्याच्या मनात होता. मग धोतराचा आवाज झाला. कोणीतरी वाकले. पाठीवर आधी बोटांची टोके टेकली. भिवा तसाच बसून राहिला. मग पूर्ण तळवा टेकला.

"खो," आबासाहेब म्हणाले.

तो हात गार होता, असे भिवा पुढे सांगत असे. पण हात होता.

भिवा उठला तो असा उठला, की शेलारचा पहिला गडी वळायच्या आत बाद झाला. सामना मात्र सोनघळ हरले. वर्षभर नुसते बसलेले आणि वर पोटभर जेवलेले, दुसरे काय होणार. भिवाचे नाव पटावर परत चढले. वाया गेलेले वर्ष गेलेच, पण पदवी घेऊनच तो बांधावर उभा राहिला. आई तिथे आलेली होती.

हौसाबाई इथे पाटी उचलतात, कारण खेळाची वेळ झालेली असते. दोन्ही संघ मधल्या रेषेवर आलटून-पालटून तोंडे करून बसतात. गूळ-शेंगदाणे वाटले जातात, मधूनच कुठूनतरी सुरुवात करून. मग कॉलेजचे जे कोणी प्राचार्य असतील ते पांगाऱ्यापाशी येतात आणि पहिल्या चौकोनातल्या खेळाडूच्या मागे वाकतात. मागे एक नवे प्राचार्य बोटे टेकवून घाईने निघाले होते. चौकोनात डोंगरातली, खिरेश्वरकडची एक पोरगी होती. ती बसूनच राहिली, आणि पंचांनी शिट्टी तोंडातून काढून खिशात ठेवली. प्राचार्य परत आले आणि पुन्हा वाकले.

आजही सोनघळला सामना तसाच सुरू होतो. पूर्ण तळवा पाठीवर टेकल्याशिवाय तिथे कोणी उठत नाही.