अंड्याचं अपील

झाडाझाडावर कोर्टं भरायची, त्या काळातली गोष्ट. साळुंकीचं नवऱ्याशी बिनसलं आणि एकुलत्या एका अंड्याच्या ताब्यावरून दावा लागला. बाभळीवरच्या कावळ्याने अंडं बापाला दिलं. साळुंकी तणतणत अपील घेऊन वडावरच्या घुबडाकडे गेली.

घुबड डोळे न उघडता म्हणालं, "बाई, लग्न पिंपळावर लागलं ना? मग अपील पिंपळावर."

पिंपळावरचा बगळा म्हणाला, "पण घरटं चिंचेवर होतं. तिकडे जा." चिंचेवरच्या पोपटाने सगळा कायदा पाठ म्हणून दाखवला आणि तिला परत वडाकडे धाडलं.

नियम असा, की कागदांबरोबर अंडंही हजर हवं. ते कासवाच्या उन्हाने तापलेल्या पाठीवरून जायचं.

"अहो, जरा बेताने!" साळुंकी वरून ओरडायची.

"बेतानेच चाललोय, बाई."

या खेपेला घुबडाला ती ओळखू आली नाही, म्हणून पुन्हा पिंपळाकडे न धाडता त्याने निकाल दिला: अंडं आईचं! साळुंकी आनंदाने झेपावली. तेवढ्यात अंडं तडकलं. पिल्लू बाहेर आलं, कासवाच्या मानेला बिलगलं आणि म्हणालं, "आई, आज कुठल्या कोर्टात जायचं?"