सुख सापडलं होतं

राजा भद्रसेनाला सुख हवं होतं. अत्तरं, आरसे, परदेशी पक्षी यांनी महाल भरला, तरी आणखी सुख शोधून आणायला त्याने सगळ्या दरबाऱ्यांना रात्रंदिवस जुंपलं. स्वतःच्याही डोळ्याला डोळा लागत नव्हता. एका दुपारी तळ्याकाठी त्याला दरबारातला रेवणनाथ चक्क घोरताना दिसला.

राजाने तलवारीला हात घातला. "तुला सुख शोधायला पाठवलं होतं ना?"

डोळे चोळत रेवणनाथ म्हणाला, "सापडलं होतं, महाराज! तेवढ्यात आपण उठवलंत."

"मग परत जा, घेऊन ये!"

"ते आणता येत नाही. ज्याचं त्यालाच जावं लागतं."

राजा मुकुट काढून गवतावर आडवा झाला. पाण्यावरून गार वारा आला, पापण्या जडावल्या. इतक्यात नवं झुंबर मिरवत प्रधानजी धावत आले.

रेवणनाथाने ओठांवर बोट ठेवलं. "हळू! महाराज शोधायला गेलेत."