धनेशाच्या घरातली तोंडे

घाटाखालच्या एका दाट जंगलात एक धनेश राहत असे. तुमच्यापैकी कुणी धनेश पाहिला असेल, तर त्याची चोच नक्कीच विसरला नसाल. केळ्यासारखी बाकदार, पिवळीधमक, आणि डोक्यावर टोपी घातल्यासारखे दिसणारे एक शिंग. पण एवढी मोठी चोच असूनही हा धनेश फार कमी बोलायचा. कुठे चार जण जमलेले दिसले, की तो दूरच्या फांदीवर जाऊन बसायचा आणि पानांकडे बघत राहायचा.

त्या जंगलाचा एक नियम होता. ज्याने त्याने आपल्या कमाईतला काही वाटा सगळ्यांच्या कोठारात द्यायचा. डोंगराच्या कपारीत हे कोठार होते. भर पावसात झाडांवर काही उरत नसे, तेव्हा म्हाताऱ्या, जखमी आणि पोरक्या प्राण्यांना तिथून खायला मिळे. जो जास्त गोळा करील त्याचा वाटा मोठा, जो थोडे गोळा करील त्याचा लहान. ओढ्याकाठच्या मोठ्या उंबरावर एक शेकरू बसलेले असे. कुणी फळे घेऊन निघाले, की ते अंदाजाने तिथल्या तिथे वाटा कापून घेई.

पण अंदाज तो अंदाजच. म्हणून पळसाची फुले गळून गेली, की हिशेबाचा दिवस येई. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत सगळ्यांनी कपारीसमोर जाऊन कोठार सांभाळणाऱ्या साळिंदरआजोबांना आपापला खरा हिशेब सांगायचा. कमी कापले गेले असेल तर उरलेले भरायचे, जास्त कापले गेले असेल तर परत घ्यायचे. आणि घरात जे स्वतः काही मिळवू शकत नाहीत, त्यांच्या तोंडी घातलेल्या फळांवर वाटा लागत नसे.

आपल्या धनेशाच्या घरात अशी तीन तोंडे होती, पण ती कुणाला दिसत नसत. धनेशांची रीतच तशी असते. अंडी घालायची वेळ आली, की धनेशीण झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे दार आतून लिंपून बंद करून घेते. चोच बाहेर काढता येईल एवढीच फट ठेवते. आत बसल्या बसल्या तिची पिसे झडतात, त्यामुळे तिला उडताही येत नाही. पिल्ले मोठी होईपर्यंत तिने आणि पिल्लांनी काय खायचे, ते सगळे धनेशाने आणायचे.

"घर कुठं आहे ते कुणाला सांगू नका हं," दार लिंपताना ती म्हणाली होती. "दार मजबूत आहे, पण उदमांजराच्या नखांपुढं चिखल तो किती टिकणार?"

धनेशाने मान हलवली. मुळात तो कुणाला काही सांगतच नसे.

त्याचाच घोटाळा झाला. धनेश गळ्यात ठासून उंबरे भरून निघाला, की शेकरू डोळे मोठे करून म्हणे, "बाप रे! एका पोटाला एवढी? मग वाटाही तसाच मोठा." शेजारच्या फांदीवरचा कावळा लगेच ओरडे, "अहो, ते पोट नाही, दुसरं कोठार आहे!" सगळी माकडे हसत. धनेशाला बोलायचे असे, पण चोचीत उंबरे आणि मनात भीती. तो वाटा ठेवून मुकाट्याने उडून जाई.

ढोलीपाशी येऊन तो फटीतून एकेक उंबर आत देई. थोरले पिल्लू दांडगे होते, ते पुढे घुसायचे. धाकट्याच्या वाट्याला कसेबसे एखादे यायचे, आणि त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. उंबरावरची फळेही आता विरळ झाली होती. पिल्लांना पंख फुटायला अजून अवकाश होता. तोवर पोटभर मिळाले नाही, तर धाकटे तगणार नव्हते. हे धनेशाला कळत होते, आणि आत अंधारात बसलेल्या धनेशिणीलाही.

हिशेबाच्या आदल्या संध्याकाळी धनेश एकटाच बसलेला पाहून एक उदमांजर खालच्या फांदीवर आले.

"काय धनेशराव, चेहरा का उतरला?" ते गोड आवाजात म्हणाले. "वाटा फार कापतात ना? अहो, तुम्ही साधे. हिशेब कसा सांगायचा हे तुम्हाला ठाऊक नाही. उद्या तुमच्या वतीनं मी बोलतो. घरात सहा पिल्लं, एक लंगडे वडील, एक आंधळी आत्या. सगळं परत मिळवून देतो. त्यातलं निम्मं माझं."

"सहा नाहीत," धनेश चाचरत म्हणाला. "दोनच आहेत."

"दोन!" उदमांजराची शेपटी हलली. "लहान आहेत की भरलीयेत अंगानं?"

धनेशाने त्याच्याकडे नीट पाहिले. हिशेबाला पिल्ले किती ते लागते, पण ती अंगाने भरली की नाही, हे कशाला लागेल?

"आणि हो," उदमांजर म्हणाले, "झाड कोणतं तेवढं सांगून ठेवा. साळिंदर पुरावा मागतो."

"उद्या बघू," धनेश म्हणाला. मग उदमांजर दूर निघून जाईपर्यंत तो तिथेच बसून राहिला आणि मोठा वळसा घालून घरी गेला. त्याने सगळी हकिकत फटीतून धनेशिणीला सांगितली.

"उदमांजराशी बोलत बसलात?" ती आतून कडाडली. "आणि आपण चौघं आहोत, हे साळिंदरआजोबांना सांगितलंत का?"

"कसं सांगणार? सांगायचं तर सगळ्यांसमोर घर सांगावं लागेल."

"असं कोण म्हणालं?"

धनेशाने थोडा विचार केला. "कुणी नाही. मलाच वाटलं."

"अहो, मी इथं पिसं झडून कोंडून बसलेय, आणि लाजताय तुम्ही! घर सांगू नका, पण प्रश्न तरी विचाराल की नाही?"

मागून धाकट्याचा बारीक आवाज आला. दुसऱ्या दिवशी उजाडताच धनेश कपारीकडे निघाला.

कपारीसमोर ही गर्दी! साळिंदरआजोबा एका सपाट दगडावर बसले होते. त्यांचे काळेपांढरे काटे बघूनच निम्म्यांना घाम फुटत होता. धनेश रांगेत उभा राहिला. मागून कुणी आले, की तो "तुम्ही व्हा पुढं" म्हणून सरकायचा. त्यामुळे दुपार टळली तरी तो रांगेच्या शेवटीच होता. पण त्यामुळे एक बरे झाले. त्याला सगळ्यांचे प्रश्न ऐकायला मिळाले.

"आजोबा, माझा सगळा वाटा शेकरानं आधीच कापलाय," एक ससा म्हणाला. "मग मी इथं कशाला यायचं?"

"जास्त कापला असेल तर मला काय स्वप्न पडणार आहे? तू आलास, सांगितलंस, तर कळणार."

"मी फांदीवर बसूनच खातो, घरी काही नेत नाही," एक माकड म्हणाले. "तेही धरायचं?"

"पोटात गेलं ना? मग धरायचं. शहाणाच आहेस!"

एका भेकराने विचारले, "पाय मोडलेल्या सांबराला मी महिनाभर पाला नेऊन दिला. त्याचं काही?"

"त्याची सूट आहे. सांबराला विचारून घेतो, आणि वजा करतो." भेकर आनंदाने उड्या मारतच गेले.

मग एक मुंगूस छाती काढून पुढे आले. "माझ्या घरी आठ म्हाताऱ्या मावश्या आहेत. सगळ्यांना मीच खाऊ घालतो."

"वा! काय खायला घालतोस?"

मुंगसाने मागे वळून गर्दीत उभ्या असलेल्या उदमांजराकडे पाहिले. "उंबरं," ते म्हणाले. "रोज ओंजळभर."

साळिंदरआजोबांनी डोळे बारीक केले. "आठ मुंगसं, आणि रोज नुसती उंबरं खातात? उंदीर नाही, साप नाही?" सगळे खो खो हसले. "जा, तुझ्या मावश्यांना इथं घेऊन ये."

मुंगसाची मान खाली गेली. "मावश्या नाहीत," ते पुटपुटले. "त्यानं सांगायला सांगितलं होतं."

"सांगितलं त्यानं, पण बोललं कुणाचं तोंड? वाटा तर भरायचाच, वर दंडाची फळंही आणून ठेवायची." उदमांजर तोवर एका झुडपाआड सरकले होते. पण ते गेले नव्हते. त्याचे कान झुडपावर ताठ उभे दिसत होते.

सूर्य डोंगराला टेकायला आला, तेव्हा धनेशाची पाळी आली. "आलं बघा कोठार!" कावळा ओरडला. 'काही नाही आजोबा, सगळं बरोबर आहे,' असे म्हणून उडून जावे, असे धनेशाला फार वाटले. चोच उघडलीही होती. पण त्याला धाकट्याचा आवाज आठवला.

"आजोबा," तो अगदी हळू म्हणाला, "घरात कोण आहे ते... सगळ्यांसमोर सांगावं लागतं का?"

साळिंदरआजोबांनी त्याच्याकडे पाहिले, मग झुडपातल्या त्या कानांकडे पाहिले. आणि एकदम त्यांनी अंगावरचे सगळे काटे खळखळ वाजवत उभे केले. आसपासचे प्राणी दचकून पार ओढ्यापर्यंत मागे हटले. झुडपातले कानही दिसेनासे झाले.

"हे काटे तुम्हाला घाबरवायला आहेत, असं वाटतं ना सगळ्यांना?" आजोबा हळूच हसले. "अरे, इथं येणारा प्रत्येक जण आपल्या घरातलं सांगतो. ते ऐकायला टपलेल्यांना लांब ठेवायला आहेत हे. तू सांगशील ते माझ्या कानापलीकडं जाणार नाही. बोल."

धनेश पहिल्यांदाच इतके बोलला. ढोलीत बंद असलेली बायको, तिची झडलेली पिसे, दांडगे थोरले, बारीक आवाजाचे धाकटे. "तीन तोंडं आहेत आजोबा. तीनच. पण मी त्यांना इथं आणू शकत नाही, आणि घर दाखवायचं म्हटलं तर..."

"आज येताना उंबरावरून आलास?"

"हो. जाताना घरी न्यायला थोडी घेतलीयेत."

"दाखव बरं."

धनेशाने मान वाकवली आणि गळ्यातून एकेक उंबर काढून दगडावर ठेवले. लालबुंद, अख्खी, चोचीचा साधा ओरखडाही नाही.

"स्वतःसाठी खाल्लेलं फळ असं अख्खं बाहेर येतं होय?" आजोबा म्हणाले. "आणि ज्याला सगळे खादाड म्हणतात, त्याच्या छातीचं हाड असं वर आलेलं असतं? मला घर बघायची गरज नाही. पण तू गेल्या वर्षी का नाही आलास?"

"तेव्हाही ढोलीत पिल्लं होती, पण विचारायची लाज वाटली."

"त्या वर्षाची मुदत गेली रे. ते आता परत करता येणार नाही. यंदाचं मात्र सगळं तुझं."

त्यांनी शेकराला हाक मारली. "याचं जास्त कापलेलं परत करायचंय. आजच्या ताज्या फळांतून दे. आणि उद्यापासून याच्या वाट्याला एकाच पोटाचं धर."

"का पण?" शेकराने विचारले.

"का ते मला माहीत आहे."

शेकराने शेपटी झटकली, पण फळे मोजून दिली. ती एका खेपेत मावेनात. धनेशाला दोन दिवस येरझारा घालाव्या लागल्या, आणि प्रत्येक खेपेला तो वेगळ्या वाटेने घरी गेला. पहिल्या दिवशी थोरले पोट भरून गप्प झाले आणि धाकटे चक्क त्याच्या पुढे आले. तिसऱ्या दिवशी धाकट्याने असा काही आवाज काढला, की धनेशिणीने त्याला दटावले, "हळू! साऱ्या जंगलाला पत्ता सांगशील!"

पुढे काही दिवसांनी धनेशिणीने दार फोडले. नव्या पिसांनी चमकत ती बाहेर आली, आणि मागोमाग दोन्ही पिल्ले धडपडत फांदीवर आली. धाकटे थोडे वाकडेतिकडे उडाले, पण उडाले. आता सगळे आपापले खाऊ लागले.

एके दिवशी साळिंदरआजोबा कपारीसमोर ऊन खात बसले होते. हिशेबाचा दिवस केव्हाच होऊन गेला होता, जवळपास कुणीही नव्हते. इतक्यात पंखांचा मोठा आवाज झाला आणि धनेश समोर उतरला.

"आजोबा, एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "पिल्लं आता स्वतःची स्वतः खातात. बायकोही उडते. आजपासून ती तीन तोंडं वजा धरू नका. शेकरानं पूर्वीसारखं बघून घ्यावं."

आजोबांनी मान वर केली. "सूट मागायला सगळे येतात. सूट संपली हे सांगायला आजवर या जंगलात कुणी आलं नव्हतं."

धनेश लाजून पानांकडे बघू लागला. मग निघताना त्याने गळ्यातून चार टपोरी उंबरे काढून कोठाराच्या दारात ठेवली. एक त्याचे, एक धनेशिणीचे, आणि दोन पिल्लांनी स्वतः तोडलेली, त्यांच्या आयुष्यातला पहिला वाटा.

तात्पर्य : जी सूट आपल्या हक्काची आहे ती मागताना लाजू नये, जी हक्काची नाही ती मागण्याचा मोह धरू नये, आणि शंका आली, तर आपल्या मनालाच उत्तर विचारत न बसता ज्याला नियम माहीत आहे त्याला वेळेत विचारावे.